आरसी स्पीडबोट वळणात गिरकी घेते? रडर बदलायच्या आधी हे सगळं क्रमाने करा

सांगली-मिरजेकडं शेततळ्यावर आरसी, म्हणजे रिमोटवरची बोट घेऊन येणारी जी पोरं भेटतात त्यांची तक्रार बहुतेक एकच असते, बोट वळत नाही, आणि जोरात वळवली की गिरकी घेऊन पालथी पडते. तोवर त्यांचा उपायही करून झालेला असतो, मोठा रडर (बोट वळवणारं मागचं पातं) आणि दणकट सर्व्हो (ते पातं फिरवणारी छोटी मोटर). मी पण हेच केलेलं. रडर बदलला, सर्व्हो बदलला, बोट तशीच, आणि शेवटी कळलं की सर्व्होपासून रडरपर्यंत जाणारी पुशरॉडची बारीक तार वळणात धनुष्यासारखी वाकत होती. दोन महिने आणि बरेच पैसे गेले, चूक तारेची होती.

म्हणून एक नियम धरा. बोट सरळ रेघेत पळायला लागल्याशिवाय वळणाच्या सेटिंगला हात लावायचा नाही. आणि सरळ पळवायचं काम पाण्यात सुरू होत नाही, घरी टेबलावर सुरू होतं.

खालचं सगळं एक मोटरच्या, व्ही तळाच्या, साधारण ४५ ते ८० सेंटीमीटर लांबीच्या बोटीसाठी आहे. दोन तळांची कॅटमरान असेल तरी क्रम हाच, आकडे थोडे बदलतील.

## तयारी: सामान आणि पाणी

स्टीलपट्टी, छोटा गुण्या, एलन कीचा सेट, निळं थ्रेड लॉक, बारीक कानस, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मार्कर, पारदर्शक चिकटपट्टी, मरीन ग्रीस आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, कारण चार फेऱ्या झाल्या की स्ट्रट (पंख्याचा शाफ्ट धरणारा मागचा आधार) आधी कुठं होता ते कुणालाच आठवत नाही. थ्रेड लॉक फक्त धातूत धातू बसतो तिथंच, प्लास्टिकला लागलं तर तडे जातात.

पाण्याचं बघा. आपल्याकडं मिरज पूर्व, तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षवाल्यांची शेततळी आहेत, पाणी निवांत असतं, शेवाळ-जलपर्णी कमी, मालकाला विचारून सकाळी सकाळी गेलं तर चाचणीला यासारखी जागा नाही. पण हिशोब करा, ३० बाय ३० मीटरचं तळं धरलं आणि बोट ताशी ४० किलोमीटरनं गेली तर सेकंदाला ११ मीटर होतात, म्हणजे तीन सेकंदाच्या आत समोरचा बांध. अशा तळ्यात अर्ध्या थ्रॉटलच्या (मोटरला दिलेल्या जोराच्या) वर चाचणी होत नाही. सरळ रेघ बघायची असेल तर कोपऱ्यातून कोपऱ्यात काढा, तेवढीच १०-१२ मीटर जास्त मिळतात.

जपून: शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूस पण वर येऊ शकत नाही. बोट मधे बंद पडली तर तळ्यात उतरायचं नाही. एकटं जायचं नाही. दोघांनी समोरासमोरच्या बांधावर लांब सुतळी धरून चालत जायचं, बोट आपोआप काठाला येते. कृष्णेवर असाल तर तिथं पण उतरायचं नाही, भिलवडी, औदुंबर, डिग्रज पट्ट्यात मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे तरी लोक बोटीसाठी गुडघाभर पाण्यात जातात. आणि साताऱ्याच्या मंडळींनी कास तलावात बोट सोडू नये, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि आपल्या बोटीतून ग्रीस गळतं.

## टप्पा १: सगळा ढिलेपणा काढा

रिमोट चालू करा, मग बोट. आता सर्व्होत करंट आहे. रडरच्या पात्याचं खालचं टोक दोन बोटात धरून डावी-उजवीकडं हलवा. टोकाला एक मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर पुढचा एकही टप्पा करू नका, कारण पात्याला मधला बिंदूच नाही, तुम्ही ट्रिम (रिमोटवरून मधल्या जागेची बारीक दुरुस्ती) लावाल आणि पुढच्या फेरीत ते दुसरीकडंच बसलेलं असेल.

ढिलेपणा शोधायचा तो रडरकडून आत, या क्रमाने: रडरचा पिवट बोल्ट (ज्यावर पातं फिरतं तो), मग रडर आर्मचं भोक, मग पुशरॉडचं टोक, मग सर्व्होच्या आर्मचं भोक, मग सर्व्हो ज्या स्क्रूवर बसलाय ते, आणि सगळ्यात शेवटी सर्व्होचे गिअर. लोक उलट करतात, पहिल्यांदा सर्व्होलाच दोष देतात. भोक मोठं झालं असेल तर नवीन आर्म लावा, त्याला फेविक्विक भरून चालत नाही, दोन फेऱ्यात परत निघतं. पिवट घासला असेल तर कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही टर्नरला माप द्या, ब्रासचा बुश करून देतो.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. एकानं रिमोटवर रडर पूर्ण वळवून धरायचा, दुसऱ्यानं पात्याच्या टोकावर बोटानं उलट जोर द्यायचा आणि नजर पुशरॉडवर ठेवायची. रॉड कमानीसारखा वाकला तर पाण्यात तो त्याहून जास्त वाकणार. अशा वेळी २ मिलिमीटरची स्टीलची तार घ्या आणि मधे एका ठिकाणी ब्रासच्या नळीतून न्या, ती नळी बोटीच्या तळाला इपॉक्सीनं पक्की करा.

मागच्या भिंतीतून रॉड बाहेर येतो तिथलं रबराचं बेलो (पाणी आत येऊ न देणारं घडीचं आवरण) पण बघा. ते कडक असलं की रडर मधे परत येत नाही, उजवीकडून सोडला तर थोडा उजवीकडंच थांबतो, डावीकडून सोडला तर डावीकडं. थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर बदला.

तपासणी: स्टिअरिंग उजवीकडं पूर्ण नेऊन सोडा, पात्याची जागा मार्करनं खूण करा. मग डावीकडून तसंच. दोन्ही खुणा एकावर एक आल्या पाहिजेत.

## टप्पा २: बोटीचा तळ

बोट उलटी ठेवून मागच्या १५ सेंटीमीटरवर स्टीलपट्टी लांबीच्या दिशेनं उभी टेका आणि पलीकडून उजेड बघा. मधून उजेड दिसला म्हणजे तळ आत गेलाय, अशी बोट नाक खाली दाबते. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना डुलली म्हणजे तळ बाहेर फुगलाय, अशी बोट उड्या मारत जाते. कंपनीतून आलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त बोटींत दोन्ही प्रकार भरपूर. फुगवटा थोडा असेल तर सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासा, खड्डा असेल तर फायबर पुट्टी भरून घासा. हातात पेपर धरून घासू नका, लाटा तयार होतात.

मागची कड आणि बाजूच्या कडा धारदार पाहिजेत. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं, बोट सुटत नाही.

## टप्पा ३: वजन कुठं बसलंय

बॅटरी, हॅच (वरचं झाकण), सगळं जागेवर, जसं पाण्यात जाणार तसं. मागच्या भिंतीपासून लांबी मोजायची, रडर आणि स्ट्रट धरायचे नाहीत. या लांबीच्या ३० टक्क्यांवर दोन्ही बाजूला खूण करा. ६५ सेंटीमीटरची बोट असेल तर मागून साडेएकोणीस सेंटीमीटर. त्या खुणांवर दोन बोटांवर बोट उचला, ती आडवी राहिली पाहिजे. नाक खाली गेलं तर बॅटरी मागं, शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढं. २८ ते ३३ टक्क्यांच्या मधे कुठंतरी तुमच्या बोटीची जागा असते, सुरुवात ३० वर.

वजन पुढं असलं की वळणात नाक पाण्यात रुततं आणि शेपूट फिरून पुढं येतं. हीच ती गिरकी, आणि नेमका हा दोष लोक रडरच्या माथी मारतात. वजन मागं असलं की सरळ जाताना नाक वर-खाली आपटतं आणि वाऱ्यात बोट मागं उलटते.

आता डावं-उजवं. मागून बघा, पुढं जाताना पंखा कुठं फिरतो? बऱ्याच एक मोटरच्या बोटींत तो घड्याळाच्या उलट फिरतो. अर्धा पंखा पाण्याच्या वर असतो, काम करतं ते खालचं पातं. खालचं पातं ज्या बाजूला जातं, बोटीचं नाक त्या बाजूला ओढतं आणि बोट दबते पण त्याच बाजूला. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या पंख्याला ही बाजू उजवी. म्हणून अशा बोटीत बॅटरी मधल्या रेघेपासून थोडी डावीकडं, अर्धा ते एक सेंटीमीटर, सरकवून बांधायची. नुसती ठेवायची नाही, वेल्क्रो खाली आणि पट्टा वरून, कारण वळणात बॅटरी सरकली तर आजची सगळी मापं वाया.

## टप्पा ४: स्ट्रट, केबल, पंखा

स्ट्रटचा कोन बोटीच्या तळाला समांतर, हीच सुरुवात. बोट उलटी ठेवून तळाच्या मधल्या रेघेवर पट्टी टेकवा, ती मागं स्ट्रटवर न्या, फट सगळीकडं सारखी दिसली पाहिजे. उंची अशी की शाफ्टचा मध्य तळाच्या मधल्या रेघेच्या पातळीत येईल, किंवा अगदी थोडा खाली.

पंख्याकडचं टोक खाली झुकवलं की शेपूट उचलतं, नाक दाबलं जातं. टोक वर केलं की नाक उचलतं. हा बदल अर्ध्या अंशानं पण कळतो, म्हणून एका वेळी तेवढाच. स्ट्रट आख्खा वर घेतला तर पाण्याची ओढ कमी होते, वेग वाढतो, पण वळणात पंखा हवा ओढतो आणि मोटर नुसतीच किंचाळते.

फ्लेक्स केबल (मोटरपासून पंख्यापर्यंतची लवचीक केबल) असेल तर पंख्याच्या पुढचा, पंख्याला फिरवणारा ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांच्यात ३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. जोर आला की केबल पिळून आखूड होते, फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, बोट जड जाते आणि माणूस वाटेल तिथं दोष शोधत बसतो. मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करून दिशा उलटी करू नका, केबलचा पीळ एका दिशेचाच असतो, उलट फिरवली की सुटते.

जपून: कॉपर बेरिलियमचा पंखा घासून धार करायची असेल तर पाण्यात ओल्या पॉलिश पेपरनं घासा. त्याची कोरडी धूळ फुफ्फुसाला घातक आहे. घरात मुलं असतील तर हे काम घरात नकोच. आणि मोटर कोरडी असताना फुल थ्रॉटल कधीच नाही.

## टप्पा ५: टॅब आणि फिन शून्यावर

दोन्ही ट्रिम टॅब (मागच्या भिंतीवरच्या छोट्या आडव्या पट्ट्या) तळाच्या पातळीत, पट्टी लावून. वर नाही, खाली नाही. फिन (पाण्यात उभी राहणारी पातळ पाती) असतील तर त्या बोटीच्या मधल्या रेघेला समांतर पाहिजेत, दोन्ही फिनमधलं अंतर पुढं आणि मागं मोजा, एक मिलिमीटरचा फरक पण बोटीला एका बाजूला ओढतो. टॅबनं दुरुस्त्या करायच्या त्या नंतर, आत्ता सगळं शून्य.

## टप्पा ६: रडर आणि सर्व्होची जुळणी

पातं तळाच्या मधल्या रेघेशी ९० अंशात उभं, गुण्या लावून बघा. त्याचं खालचं टोक पंख्याच्या टोकापेक्षा नक्की खोल पाहिजे. पुढची कड सुरीसारखी धारदार, मागची कड सपाट आणि चौकोनी. लोक दोन्हीकडं धार काढतात, मागची तशीच ठेवायची. पुढची बोथट असली की वळणात पात्याच्या एका बाजूनं हवा खाली उतरते, पात्याची पकड एकदम सुटते आणि बोट सरळ निघून जाते.

आता सर्व्हो. रिमोटचा ट्रिम शून्यावर, सर्व्हो चालू करून मधे येऊ द्या, मगच आर्म बसवा, पुशरॉडशी ९० अंशात. दात मधे नेमके जुळत नसतील तर आर्म फिरवून दुसऱ्या टोकानं बघा, उरलेला फरक सबट्रिमनं (रिमोटमधली सर्व्होची मधली जागा ठरवणारी सेटिंग). मग पातं सरळ येईल असा रॉडचा क्लेव्हिस (टोकाची आटे असलेली चिमटी) फिरवून लांबी जुळवा. बरेच लोक पातं तिरकं ठेवून रिमोटच्या ट्रिमनं सरळ करतात. मग एका बाजूला वळण जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

भोकं निवडताना सर्व्होकडं आतलं, रडरकडं बाहेरचं. सर्व्हो साधारण ४५ अंश फिरतो असं धरा, सर्व्होवर १० मिलिमीटरचं भोक आणि रडरवर १५ चं घेतलं तर पातं २८ अंशाच्या आसपास वळतं. सुरुवातीला तेवढं भरपूर. जोर दीडपट मिळतो आणि सर्व्होचा ढिलेपणा पण रडरवर कमी होऊन पोचतो. उलट, दोन्हीकडं सारखं भोक ठेवून रिमोटवर प्रवास अर्धा केला तर कोन तेवढाच दिसतो पण जोर वाढत नाही. ३५ अंशाच्या पुढं रडर वळवण्याचं काम कमी आणि ब्रेकचं जास्त करतो.

सर्व्होचा जोर: छोट्या ४५ सेंटीमीटरच्या बोटीला एमजी९०एस सारखा २ किलोच्या आसपासचा चालतो, ६५ च्या पुढं स्टँडर्ड साइजचा मेटल गिअर घ्या. एमजी९९६आर सारखा ६ व्होल्टवर ११ किलोचा सर्व्हो अडला की अडीच अँपिअर ओढतो, तेवढा करंट ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीला, म्हणजे सर्व्हो आणि रिसिव्हरला वीज देणाऱ्या भागाला, झेपला पाहिजे. झेपला नाही तर ऐन वळणात रिसिव्हर क्षणभर बंद होतो आणि बोट सरळ काठावर जाते, सिग्नल गेला असं वाटतं. वेगळा बीईसी लावलात तर ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावायला विसरू नका. तयार मिळणाऱ्या स्वस्त बोटींत पाच वायरींचा सर्व्हो असतो, तिथं साधा तीन वायरींचा बसत नाही, आधी वायरी मोजा मग ऑर्डर करा.

## टप्पा ७: रिमोट

आधी दिशा, मग सबट्रिम, मग दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (सर्व्होनं कुठवर जायचं ती हद्द), मग डुअल रेट (एकूण वळण किती टक्के ते), सगळ्यात शेवटी एक्स्पो. एंड पॉइंट असे की पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुरगुरत नाही. डुअल रेट ७० टक्क्यांवर ठेवून पहिली फेरी. एक्स्पोनं मधलं स्टिअरिंग मऊ होतं, पण कुठल्या रिमोटवर ते अधिकमध्ये आणि कुठल्यावर उण्यामध्ये, म्हणून पात्याकडं बघत हळू वळवून खात्री करा.

फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर आपोआप थांबणं): बोट स्टँडवर, पंख्यापासून हात लांब, थोडा थ्रॉटल देऊन रिमोट बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर आज पाण्यात जाणं रद्द. अँटेना नळीतून वर उभी असावी, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही, बोटीच्या तळाशी पडलेली अँटेना २० मीटरवर पण दगा देते.

## टप्पा ८: पाण्यात, फक्त सरळ

बोटीत फोम भरलेला आहे ना, हॅचला चिकटपट्टी चारी बाजूंनी, ते बघा आणि मग सोडा. एक तृतीयांश थ्रॉटल, कूलिंगच्या नळीतून पाण्याची धार येते का बघा. मग अर्धा. वळण हळू, वेग उतरवून.

बोट एका बाजूला ओढते? तर अर्ध्या थ्रॉटलवर ओढत असताना थ्रॉटल सोडा आणि बघा:

- सोडल्यावर सरळ झाली, तर ती पंख्याची ओढ आहे. रिमोटवर एक-दोन क्लिक ट्रिम, एवढं सगळ्याच एक मोटरच्या बोटींना लागतं.
- सोडल्यावर पण त्याच बाजूला वळत राहिली, तर पातं, फिन किंवा टॅब वाकडा आहे. टप्पा ५ आणि ६ परत.
- कधी डावीकडं कधी उजवीकडं, तर ढिलेपणा राहिलाय. टप्पा १.

ही एक चाचणी केली तरी अर्धे वाद मिटतात.

नाक वर-खाली आपटत असेल तर बॅटरी अर्धा सेंटीमीटर पुढं, नाही थांबलं तर स्ट्रटचं टोक अर्धा अंश खाली. बोट डावी-उजवी डुलत असेल तर तळ पाण्यातून फार सुटलाय, स्ट्रट एक मिलिमीटर खाली, किंवा दोन्ही टॅब केसभर खाली. एका बाजूला दबून पळत असेल तर बॅटरी आडवी सरकवा. त्या बाजूचा टॅब खाली करून पण ती बाजू उचलते, पण तिकडं ओढ वाढते, म्हणून टॅब नंतर.

एका फेरीला एकच बदल. वहीत लिहा: काय केलं, किती केलं, काय झालं. आणि बॅटरी निम्मी झाली की मापं घेणं थांबवा, उतरलेल्या बॅटरीवर बोट वेगळीच वागते. दुपारी वारा सुटला की पण थांबा, लाटांवर सेटिंग होत नाही.

## टप्पा ९: आता वळण

वळायच्या आधी थोडा थ्रॉटल कमी, वळणात तेवढाच स्थिर, बाहेर पडताना वाढवायचा. वळणाच्या मधे थ्रॉटल एकदम सोडला की नाक पडतं आणि शेपूट फिरतं, हा हाताचा दोष आहे, यावर सेटिंग नाही.

पंख्याची ओढ ज्या बाजूला त्या बाजूचं वळण लहान आणि नीट येणार, दुसऱ्या बाजूचं मोठं येणार. हे दोन्ही सारखं करायच्या नादाला लागू नका, थोडा फरक राहतोच.

अजून गिरकी घेते? आधी डुअल रेट १० टक्के कमी. तरी घेते तर बॅटरी अर्धा सेंटीमीटर मागं. रडर वळवूनही सरळच जाते? तर पात्याची पुढची धार, खोली, आणि पुशरॉड परत बघा. वळणात मोटर किंचाळते आणि वेग मरतो? तर स्ट्रट एक मिलिमीटर खाली. बाहेरच्या बाजूला पालथी पडत असेल तर वळणाच्या आधीचा वेग जास्त आहे, किंवा बॅटरीखाली काहीतरी घालून ती उंच बसवलीय, तळाला टेकवा. एवढं सगळं करून पण वळण मोठंच येत असेल, तर आता मोठा रडर घ्या, आता त्याचा उपयोग होईल.

## घरी आल्यावर

केबल बाहेर ओढून पुसा, नवीन ग्रीस लावा, हॅच रात्रभर उघडा ठेवा. लिपो बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. रडरचा ब्रेकअवे नायलॉन बोल्ट बघा, त्यावर पांढरी रेघ दिसली तर तो अर्धा तुटलेला आहे, बदला, दोन-तीन जास्तीचे डब्यात असू द्या, तिथं स्टीलचा बोल्ट लावायचा नाही, नाहीतर दगडाला धडकल्यावर बोल्टच्या ऐवजी मागची भिंत फाटते. आणि स्ट्रट, टॅब, बॅटरी तिन्हीच्या आजच्या जागेवर मार्करची बारीक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं.